कोणी जागं आहे का?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर माझ्या नावापुढे ‘शेतकऱ्याचे एकटेपण’ असा विषय छापला आहे. सकाळी मांडवाबाहेर चहा घेताना एका जुन्या कार्यकर्त्याने मला अडवले. म्हणाले, “भाऊ, कापसाची आयात, हमीभाव, कर्ज हे सारं सोडून हे काय नवीन काढलं? एकटेपण हा शहरातल्या माणसाचा आजार. गावात माणूस एकटा कसा राहील? सकाळी दार उघडलं की समोर दहा माणसं दिसतात.”

प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हटले, उत्तर मांडवात देतो. ते समोरच बसले आहेत. उत्तर मी ज्वारीपासून सुरू करणार आहे, कारण ज्वारी आपल्या सगळ्यांनाच कळते.

आपल्या भागातून खरिपाची ज्वारी का गेली? भाव नव्हता, हे पहिले कारण. बैल गेले, त्यामुळे कडब्याची गरज गेली. दाणे भरताना पाऊस आला की कणीस काळे पडते आणि व्यापारी हात लावत नाही. ही सगळी कारणे खरी आहेत. पण ज्यांनी अगदी शेवटपर्यंत ज्वारी धरून ठेवली होती त्यांना विचारा, ते चौथे कारण सांगतील. सारे गाव ज्वारी पेरते तेव्हा पाखरे सगळ्यांच्या वावरात थोडी थोडी वाटली जातात. गावात एकट्यानेच दोन एकर पेरली, की साऱ्या शिवाराची पाखरे त्या दोन एकरांवर उतरतात. रात्री रानडुकरेही तिथेच येतात. त्या माणसाचे बियाणे वाईट नव्हते, खत कमी पडले नव्हते, मेहनतीत कसूर नव्हती. शेजारच्या धुऱ्यापलीकडे ज्वारी नव्हती, एवढेच. मी शेतकीची पदवी घेतली तेव्हा पिकाच्या नुकसानीची कारणे पाठ केली होती: कीड, रोग, तण, अवर्षण. ‘शेजारी कोणी नसणे’ हे कारण त्या यादीत नव्हते. ते मी नंतर शिकलो.

ज्वारी होती तेव्हा जागल होती. माझ्या लहानपणी वडिलांबरोबर मी मचाणावर झोपायला जात असे. मध्यरात्र झाली की एका मचाणावरून हाक येई, ती ऐकून दुसऱ्याने हाक द्यायची, मग तिसऱ्याने. हाक शिवारभर फिरून परत येई. ती डुकरांसाठी होती, पण एखाद्या मचाणावरून उत्तर आले नाही तर शेजारचा माणूस कंदील घेऊन बघायला जात असे. झोप लागली असेल, ताप भरला असेल, कदाचित विंचू चावला असेल. म्हणजे राखण पिकाची होती आणि आपोआप माणसाचीही होत होती. आज वावराभोवती तार आहे, झटका मशीन आहे, रात्रभर आवाज काढणारा भोंगा आहे. पीक बऱ्यापैकी राखले जाते. माणूस राखणारे मशीन अजून कृषी सेवा केंद्रात आलेले नाही.

आता आकडे पाहा. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर झाली. खातेदार सुमारे साडेएकोणपन्नास लाखांवरून दीड कोटीच्या वर गेले. कागदावर पाहिले तर शिवारात माणसे तिप्पट झाली. मग गजबज वाढायला हवी होती. झाले उलटे. पूर्वी एका वावरात दोन भाऊ, सालदार, निंदणीच्या बाया, बैल हाकणारा पोरगा असे चार-सहा जण दिसत. आता तिथे चार तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकड्याचा मालक वेगवेगळ्या वेळी मोटारसायकलवर येतो, फवारतो आणि जातो. सावड म्हणा, इर्जिक म्हणा, ती मोडली, कारण दुसऱ्याची गरज पडेल असे काम उरले नाही. पेरणी ट्रॅक्टरवाल्याची, मळणी मशीनवाल्याची. खळे गेले आणि खळ्यावरच्या रात्री गेल्या. तणनाशकाची शिफारस मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना केली आहे, आणि मजुरीचा हिशेब पाहता आजही करीन. पण त्या फवाऱ्याने गवताबरोबर वावरातली बोलाचालीही जाते, हे माझ्या हिशेबात नव्हते.

पण एकटेपणाचे खरे मूळ यात नाही. माणसे कमी झाली म्हणून शेतकरी एकटा पडत नाही. तो तोटा लपवतो म्हणून एकटा पडतो.

१९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले तेव्हा मी पाळण्यात होतो. पण पुढे वडील छातीवर लाल बिल्ला लावून सभांना जात, ते मला चांगले आठवते. एकदा मी त्यांना विचारले, तिथे असे काय मिळत होते, की पदरची भाकर बांधून तुम्ही तीन-तीन दिवस जात होता? वडील म्हणाले, “हिशेब मिळे.” शरद जोशींनी शेतकऱ्यांना उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला शिकवले, हे आपण नेहमी सांगतो. पण तो हिशेब हजारो माणसांत बसून, मोठ्याने मांडला गेला, याकडे आपले लक्ष जात नाही. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होते की आपणच आळशी, आपल्यालाच शेती जमत नाही, आपल्या नशिबातच नाही. शेजारी बसलेल्याचाही हिशेब तोट्यातच निघतो हे कळले, आणि छातीवरचा धोंडा उतरला. आता त्या सभा विरळ झाल्या. जोशीसाहेब १२ डिसेंबर २०१५ रोजी गेले. तोटा मात्र राहिला, आणि तो पुन्हा प्रत्येकाच्या घरातल्या कोनाड्यात जाऊन बसला.

लपवण्याने काय होते ते २०१७ च्या हंगामाने दाखवले. गुलाबी बोंडअळी ही लपणारीच कीड. अळी बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून पऱ्हाटी हिरवीगार, बोंड टणक. वेचणीला गेल्यावर कळते की आत कवडी झाली आहे. बीटी बियाणे या अळीला पुरे पडत नाही ही गोष्ट गुजरातमध्ये काही वर्षे आधी दिसली होती. आपल्याकडे ती सांगणाऱ्यांनी सांगितली नाही. त्या ऑक्टोबरमध्ये मी ज्या ज्या गावी गेलो, तिथे शेतकरी मला बाजूला घेऊन हळूच सांगे, “साहेब, माझ्याच वावरात काही तरी गडबड झाली, कुणाला बोलू नका.” एका गावात मला असे अकरा जण भेटले. अकराही जणांना वाटत होते की गावात आपण एकटेच. प्रत्येक जण एकेकटा दुकानात जात होता. आणि दुकानदार काय सांगणार? त्याच्याकडे जे विकायचे आहे तेच. शिवाय ज्याची उधारी डोक्यावर आहे त्याला उलट प्रश्न कसा विचारायचा? दोन-तीन औषधे एकत्र करून, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, तोंडाला फडके बांधून फवारणी झाली. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा मोबाइल होता की. होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि वर्षभरात गावोगावी पोरांच्या हातात इंटरनेट आले. मी तेव्हा एका बियाणे-औषध कंपनीत नोकरीला होतो. कापसाचा एक ग्रुप मीच काढला होता. त्या वेळी एका ग्रुपात २५६ माणसे बसत, आमचा ग्रुप काठोकाठ भरलेला होता. मला त्याचा मोठा अभिमान होता. वरिष्ठांनी शाबासकी दिली होती.

२०१८ च्या जानेवारीत एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्या ग्रुपवर एका शेतकऱ्याने चार शब्द लिहिले: “कोणी जागं आहे का?”

उत्तर आले नाही. त्या माणसाने रात्र कशी काढली ते त्याने मला आठ महिन्यांनी सांगितले. पऱ्हाटी उपटून टाकली होती, हातात काही आले नव्हते, सावकाराचा निरोप येऊन गेला होता. पहाटे तो वावरात जाऊन धुऱ्यावर बसला. काय करायला गेला होतास, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. सकाळी एक म्हातारा गुराखी गाई घेऊन तिकडून चालला होता. या वेळी, एवढ्या थंडीत, अंगावर काही न घेता हा इथे का बसला, म्हणून तो थांबला. तंबाखू मागितली. मग खाली बसला आणि दुपारपर्यंत उठलाच नाही. गाई कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरल्या, शिव्या खाल्ल्या, तरी उठला नाही. त्या गुराख्याकडे साधासुद्धा फोन नव्हता.

हे ऐकल्यावर मी माझा मोबाइल काढून तो दिवस शोधला. त्या चार शब्दांच्या खाली एकतीस सुप्रभात होत्या. फुलांची, देवांची, सूर्याची चित्रे. आणि सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा स्वतःचा मेसेज होता: हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी आमच्या कंपनीचे अमुक औषध, पंपाला इतके मिली. माझी नजर त्याच्या मेसेजवरून गेली असणार. गेली आणि पुढे सरकली. मी त्याला विचारले, “मला फोन का केला नाहीस?” तो म्हणाला, “सर, तुमच्या ग्रुपवर सारे ज्याचं त्याचं चांगलंच टाकतात. बोंडांचे फोटो टाकतात. तिथं मी काय सांगू? सांगाले लाज वाटे.”

भावांनो, अडीचशे माणसांत एकटा पडलेला माणूस मी असा पाहिला. ती नोकरी मी पुढच्या वर्षी सोडली. त्याला इतरही कारणे होती, ती आज सांगत बसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा सोयीचा अर्थ काढला जाईल. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या, अशी सरकारच्याच गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यातले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले. देशभरच्या त्या आकड्यात शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा जास्त आहेत, हेही लक्षात ठेवा. ही माणसे एकटेपणाने मेली असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले की सरकार मोकळे. भाव द्यायला नको, आयात थांबवायला नको, चार समुपदेशक नेमले की काम झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपला कापूस बाजारात यायच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर काढून टाकला आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. याच्यावर कोणता समुपदेशक औषध देणार? तोटा धोरणाने होतो. मात्र तो तोटा एकट्याने सोसायचा की दहा जणांत बसून, एवढे आपल्या हातात आहे. आणि ज्याचे मन खरोखर खचले आहे, झोप उडाली आहे, त्याने डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन आहे. २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येते. नंबर मांडवाच्या खांबावर मोठ्या अक्षरात लावला आहे. लिहून घ्या. स्वतःसाठी नको असेल तर शेजाऱ्यासाठी घ्या.

आता आम्ही काय केले ते सांगतो. फार मोठे काही नाही.

पहिली गोष्ट, मोठा ग्रुप मोडला. आता एका ग्रुपात हजारावर माणसे बसू शकतात, पण बसवायची कशाला? ज्याला ज्याचा धुरा लागतो अशा एका शिवारातल्या तेवीस जणांचा आम्ही ग्रुप केला. जात, पक्ष, भाऊबंदकी काही पाहिले नाही. धुरा लागतो ना, मग ये. त्यात धुऱ्याचीच भांडणे असलेले दोन जण होते. दोघेही आले, एकमेकांशी बोलत नव्हते, पण आले.

काम काय दिले? गुलाबी बोंडअळीचे सापळे. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे, सकाळी पतंग मोजायचे आणि फक्त आकडा टाकायचा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. त्याबरोबर डोमकळ्या बघायच्या, आणि एकरात फिरून वीस हिरवी बोंडे फोडायची. दोनांत जिवंत अळी निघाली तर वेळ झाली. हे सगळे कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत आहे, माझा त्यात काही शोध नाही. पण पुस्तिकेतली गोष्ट एकट्याने करून उपयोग होत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी दिसले. एका सापळ्याचा आकडा म्हणजे नुसता आकडा. तेवीस वावरांचे आकडे एकाखाली एक आले, तेव्हा कळले की पतंग शिवाराच्या एकाच अंगाने येतात. तिकडे जाऊन पाहिले तर गेल्या सालची पऱ्हाटी जळणासाठी रचून ठेवलेली होती. ज्याचा ढीग होता तो ग्रुपात नव्हता. त्याला शिव्या द्यायला नव्हे, पऱ्हाटी हलवायला आठ जण गेले. तो चोविसावा सभासद झाला. फरदडीचेही तसेच. एकाने डिसेंबरात कापूस संपवला आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत पाण्यावर उभा ठेवला, तर पहिल्याचे शहाणपण मातीत जाते.

आकडा टाकायचा म्हणून माणूस रोज सकाळी ग्रुपवर दिसू लागला. आणि इथेच आम्हाला जागलीची आठवण झाली. ज्याचा आकडा आला नाही त्याच्या मचाणावरून हाक आली नाही, असे समजायचे. तीन दिवस आकडा नाही, तर ज्याचा धुरा लागतो त्याने जाऊन बघायचे. फोन करायचा नाही, स्वतः जायचे. फोनवर माणूस “सर्व ठीक आहे” असेच म्हणतो. गेल्यावर बहुधा काहीच नसते. रिचार्ज संपलेले असते, लेकीकडे गेलेला असतो. एकदा गेल्यावर कळले की बायकोला दवाखान्यात ठेवले आहे आणि घरी दुभत्या म्हशीला पाणी पाजायला माणूस नाही. चार दिवस म्हैस सांभाळली गेली. एवढेच. पण ते कुणी मागितले नव्हते.

हंगाम संपल्यावर आकडे थांबतात. मग काय, हा प्रश्न होता. जानेवारी ते मे हाच काळ वाईट. उलंगवाडी झालेली असते, देणेकरी दारात असतात, वावरात काम नसते. त्यासाठी रात्रीची पाळी लावली. दर आठवड्याला दोघांनी फोनचा आवाज बंद करायचा नाही, उशाशी ठेवायचा. ग्रुपवर रात्री कुणी काहीही लिहिले, मग ते “सर्पमित्राचा नंबर कुणाकडे आहे” असे का असेना, उत्तर द्यायचे. बाकीच्यांनी सुप्रभात टाकायची नाही. या एका नियमावर जेवढे भांडण झाले तेवढे कशावरच झाले नाही. देवाचा फोटो टाकायला बंदी म्हणजे काय, म्हणून एक जण सोडून गेला. दोन महिन्यांनी परत आला.

सर्वांत कठीण होते ते पट्टी टाकणे. कापूस विकल्यावर व्यापाऱ्याने दिलेल्या काटापट्टीचा फोटो टाकायचा, असे ठरले. वजन, भाव, कटती, सगळे दिसले पाहिजे. वर्षभर एकानेही टाकली नाही. भाव चांगला मिळाला असेल तर तोंडी सांगायचे, कमी मिळाला तर गप्प. शेवटी मी माझ्या पाच एकरांचा सबंध हिशेब टाकला. खर्च जाऊन हातात राहिले ते लिहिताना मला, शेतकी पदवीधराला, संघटनेचा कार्यकर्ता म्हणवणाऱ्याला, बोटे जड झाली. अर्ध्या तासाने एका म्हाताऱ्याने आवाजाचा मेसेज टाकला: “मले वाटे तुम्ही शिकेल लोक तरी कमावत असान.” त्या आठवड्यात नऊ पट्ट्या आल्या. एकाच दिवशी, एकाच व्यापाऱ्याने, एकाच शिवारातल्या कापसाला तीन वेगळे भाव दिलेले त्यात दिसले. सगळ्यात कमी कुणाला? जो एकटा गाडी घेऊन गेला होता त्याला. पुढच्या गाड्या तिघाचौघांनी मिळून नेल्या.

आता तर एकट्याला सरकारी केंद्रावरही कापूस विकणे अवघड करून ठेवले आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण सीसीआयला विकायचा तर कपास किसान नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी करा, दिवस मागून घ्या, ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ८ च्या वर गेला की पैसे कापून घ्या. ज्याच्याकडे बटणांचा फोन आहे, ज्याची पोरे पुण्याला आहेत, तो म्हातारा ओटीपी कुठे शोधणार? तो मुकाट्याने खेडा खरेदीवाल्याला कापूस देतो. आमच्या ग्रुपातल्या तीन पोरांनी एक रविवार पारावर बसून ज्यांची नोंदणी राहिली होती त्यांची केली. खूप वर्षांनी पारावर गर्दी झाली. म्हणजे फोनमुळे पार रिकामा झाला, तसा तो फोनमुळेच एक दिवस भरला.

बहिणींबद्दल बोलले पाहिजे. कापूस वेचताना बाया एकत्र असतात, त्यांना बोलायला माणूस मिळते, त्यामुळे त्या आमच्यासारख्या एकट्या नाहीत असे मला वाटत होते. माझा हा गैरसमज एका विधवा बहिणीने दूर केला. ती म्हणाली, “वावरात बोलतो ते दुसऱ्याच्या वावरात, मजुरीला गेल्यावर. माझ्या वावराचं मी कुणाशी बोलू? दीर म्हणतो विकून टाक.” नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लागायला, दुकानात उधारी मिळायला, कर्ज मिळायला तिने काय सोसले ते पुरुषांच्या ग्रुपवर ती कधीच सांगणार नव्हती. बहुतेक घरांत फोन एकच, तोही मालकाच्या खिशात. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, विदर्भ-मराठवाड्यात अशा भगिनींबरोबर काम करतो. त्यांच्याकडून आपण शिकायला हवे. आमच्या गावात नऊ जणींचा वेगळा ग्रुप झाला आहे. त्या लिहीत नाहीत, आवाजाचे मेसेज टाकतात. त्यात काय बोलतात ते मला माहीत नाही, आणि ते बरोबरच आहे. १९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या होत्या. त्यांच्या सुनांना आज बोलायला नऊ जणी मिळाल्या तर अप्रूप वाटते, हे आपल्या संघटनेनेही मनाला लावून घ्यावे.

लग्नाच्या पोरांचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इथे नुसते हसतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. वर्तमानपत्रांनी गमतीची बातमी केली. पस्तीस वर्षांचा पोरगा, घरात म्हातारी आई, संध्याकाळी कुणाच्या घरी बसायला जावे तर बरोबरीच्यांची लेकरे अंगणात खेळतात. तो रात्रभर मोबाइल बघतो म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. त्याला रात्रीच्या पाळीवर लावा. आमच्याकडे तेच सगळ्यात चोख जागतात.

फोनचे गुणगान मी करणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत दोन चांगले ग्रुप फुटले, एक २०२४ च्या निवडणुकीत आणि एक आरक्षणाच्या वादात. कालपर्यंत एकमेकांच्या वावरात पाणी सोडणारी माणसे एका फिरत्या व्हिडिओवरून वैरी झाली. बिलाविना बियाणे विकणारेही ग्रुपमध्येच गाठतात. कंपनीचे ग्रुप आहेतच, ते मी चालवलेले आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही. ज्या ग्रुपातली माणसे एकमेकांच्या धुऱ्यावर चालत जाऊ शकत नाहीत, त्या ग्रुपकडून भाव आणि पावसाचा अंदाज घ्यावा. रात्री दोन वाजता हाक मारायला तो उपयोगी नाही.

तो शेतकरी आज आमच्या चोवीस जणांत आहे. गुराखी गेल्या वर्षी वारला. त्याच्या तेराव्याला ग्रुपातले सगळे गेले होते. त्याच्या मुलाला कळेना, की बापाची एवढ्या लोकांशी ओळख कुठली.

आता मी थांबतो. जेवणाआधी तालुकावार बसायचे आहे. प्रत्येक तालुक्याच्या खांबाजवळ एक वही ठेवली आहे. त्यात आपले नाव लिहायचे, आणि नावाखाली आपल्या वावराच्या चारही धुऱ्यांवर कोण आहे त्यांची नावे लिहायची. मालक पुण्या-मुंबईला असेल तर वाहणाऱ्याचे लिहा. फोन नंबर आठवत असेल तर लिहा, पण फोनमध्ये बघून लिहू नका. ज्यांना चारही नावे आठवली नाहीत त्यांनी रिकामी जागा तशीच ठेवून वही पुढच्याला द्यावी. दुपारच्या सत्रात आपण तिथूनच सुरुवात करू.